तळ आणि मनाई : बुलढाणा जिल्ह्यातील उभ्या वाहनाचे नियम

रस्त्यावर वाहन उभे करण्याचा प्रश्न मोटारीने जन्माला घातला, असा समज आज सर्वत्र आढळतो. परंतु बुलढाणा जिल्ह्यापुरता तो टिकत नाही. या जिल्ह्यातील खामगावच्या कापूस बाजारात मोटार येण्याच्या निदान पन्नास वर्षे आधी बंड्यांची गर्दी होत होती, आणि उभे वाहन किती वेळ थांबू शकते, कोठे थांबू शकते, त्याने वाट अडवल्यास त्याचे काय करायचे, हे तिन्ही प्रश्न त्या गर्दीने शासनापुढे व व्यापाऱ्यांपुढे उभे केले होते. आजचे वाहनतळाचे नियम म्हणजे याच तीन प्रश्नांची नव्या शब्दांत लिहिलेली उत्तरे आहेत. त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते : रस्त्यावर उभे राहण्यास मनाई करणे आणि उभे राहण्यासाठी जागा देणे ही एकाच नियमाची दोन अंगे आहेत, आणि ज्या काळात ती एकत्र राहिली त्या काळातच तो नियम नीट पाळला गेला.

रेल्वेपूर्व वऱ्हाडात वाहन म्हणजे बंडी, छकडा, रेंगी किंवा दमणी. बंडी ही मालाची जड बैलगाडी, छकडा तिच्याहून लहान, तर रेंगी व दमणी या माणसांच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या गाड्या होत. गावाची वस्ती ज्या जमिनीवर असते तिला पांढरी आणि शेतीच्या जमिनीला काळी म्हणण्याची रीत वऱ्हाडात आजही आहे. पांढरीत गाडी घरापुढच्या अंगणात किंवा वाड्याच्या आवारात राहत असे, आणि गुरे सकाळी गावाच्या कडेच्या आखरावर, म्हणजे गुराखी ती ताब्यात घेई त्या मोकळ्या जागेवर, गोळा होत. बंडी उभी करणे म्हणजे दोन बैल सोडणे, त्यांना पाणी दाखवणे, वैरण टाकणे आणि सावली शोधणे असल्यामुळे तिचा तळ कोठेही पडू शकत नसे. विहीर, नाला किंवा आमराई यांच्या आधारानेच तो पडे. वाहन थांबण्याची जागा ही केवळ रिकामी जमीन नसून सोयींनी युक्त अशी जागा असावी लागते, ही जाण त्या काळच्या माणसाला बैलांनीच दिलेली होती.

खामगावात १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली आणि तूप, सूत व थोडा कापूस यांच्या व्यवहारापासून तेथील बाजार वाढत गेला. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापूरला, तसेच मुंबईकडे जात असे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही त्या मार्गावरील स्थानके झाली, खामगाव मात्र मार्गाच्या दक्षिणेस सुमारे आठ मैल बाजूला राहिले. त्याच वर्षी खामगावला नगरपालिका मिळाली, आणि जलंब ते खामगाव हा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खुला झाला.

रेल्वे आल्याने बैलगाड्या कमी झाल्या असतील, असे सहज वाटते. प्रत्यक्षात लांब पल्ल्याची लमाणी बैलांची वाहतूक संपली, पण बाजाराच्या गावी येणाऱ्या बंड्यांची संख्या वाढली. पूर्वी जो माल अनेक वाटांनी, अनेक महिन्यांत, विखुरलेल्या तांड्यांतून जात होता तो आता दिवाळीनंतरच्या तीन-चार महिन्यांत आसपासच्या सर्व गावांतून एकाच ठिकाणी, सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या व गाठी बांधणाऱ्या प्रेसिंगच्या कारखान्यांच्या दारी, येऊन थांबू लागला. कापसाने भरलेली बंडी दिवस उजाडण्यापूर्वी गावातून निघे, बाजारात तिचा माल अडत्याने पाहीपर्यंत, भाव ठरेपर्यंत, मापाऱ्याने वजन करीपर्यंत आणि हमालांनी ती खाली करीपर्यंत उभी राही, आणि पैसे हाती पडल्यावर शेतकरी मीठ-मिरची, कापडचोपड घेण्यासाठी गावात शिरला की पुन्हा कोणत्या तरी दुकानापुढे उभी राही. थांबण्याच्या या प्रत्येक टप्प्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी पडे, कारण रात्र मुक्कामात गेली तर वैरण विकत घ्यावी लागे आणि उतरत्या भावात माल देण्याचा दबाव वाढे. गाडीतळाचा प्रश्न हा वऱ्हाडात मुळापासून शेतमालाच्या भावाशी जोडलेला होता, ही गोष्ट शहररचनेच्या चर्चेत सहसा येत नाही आणि म्हणूनच ती येथे ठळकपणे नोंदवली पाहिजे.

रस्त्यावरील अडथळ्याबाबत इंग्रजी राजवटीचा मूळ कायदा म्हणजे १८६१ चा पोलीस अधिनियम. त्याच्या कलम ३४ मध्ये, शासनाने ज्या शहराला ते कलम लागू केले असेल तेथे, माल चढवण्या-उतरवण्यासाठी किंवा माणसे घेण्या-सोडण्यासाठी लागतो त्यापेक्षा अधिक काळ जनावर अथवा वाहन रस्त्यात उभे ठेवणे, किंवा लोकांना त्रास वा धोका होईल अशा रीतीने वाहन सोडून जाणे, हा अपराध ठरवला असून त्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा आठ दिवसांपर्यंत कैद सांगितली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम २८३ सार्वजनिक वाटेत अडथळा आणणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड करीत असे. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये हा दंड पाच हजार रुपयांपर्यंत गेला आहे. वऱ्हाडबाबत एक कायदेशीर वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे लागते. कारभार इंग्रजांचा असला तरी प्रांतावरील सार्वभौमत्व निजामाचे मानले जात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते स्वतंत्र अधिसूचनांनी आणावे लागत, आणि १९४१ च्या बेरार लॉज ॲक्टने अनेक केंद्रीय कायद्यांच्या बाबतीत ही गुंतागुंत दूर केली.

कलम ३४ मधील विचार बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्यात घड्याळाची वेळ दिलेली नाही, रस्त्याची रुंदी दिलेली नाही. थांबण्याची मर्यादा कामाने ठरवली आहे. माल उतरवण्याचे काम चालू आहे तोवर वाहनाचा रस्त्यावर हक्क आहे, काम संपले की हक्क संपला. हीच मांडणी पुढे मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १०२ मध्ये उतरली, आणि राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भाला लागू झालेला तो कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने चालू आहे. दुकानापुढे टेम्पो लावून माल उतरवणाऱ्या हमालाला आणि तेथेच दिवसभर स्वतःची गाडी ठेवणाऱ्या दुकानदाराला कायदा एकाच मापाने मोजत नाही, याचे मूळ या जुन्या तरतुदीत आहे.

परंतु केवळ दंडाच्या भीतीने बाजारातील शेकडो बंड्या कोठे जाणार, या प्रश्नाचे उत्तर पोलीस कायद्यात नव्हते. ते बाजाराच्या कायद्याने दिले. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. नियंत्रित बाजार म्हणजे ज्याची जागा शासनाने जाहीर केली आहे, ज्याचा कारभार समितीकडे आहे आणि ज्यात अडते व मापारी यांना परवाना घ्यावा लागतो असा बाजार. या व्यवस्थेने व्यवहार रस्त्यावरून आवारात आणला. जाहीर केलेल्या बाजाराबाहेर व्यवहारास मनाई झाली, पण त्याच वेळी बंड्यांना रांगेने उभे राहण्यासाठी आवार मिळाले, आणि आवाराची देखभाल तेथेच जमा होणाऱ्या फीमधून करता येऊ लागली. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजार देशभर स्थापण्याची शिफारस केली तेव्हा वऱ्हाडचा अनुभव त्याच्यासमोर होता. पुढे मध्य प्रांताचा १९३२ चा कापूस बाजार कायदा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार समितीविषयक कायदा यांनी हाच धागा पुढे नेला. बाजार समितीच्या ज्या विस्तीर्ण आवारात आज ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहतात ते आवार म्हणजे या जिल्ह्यातील सर्वांत जुना, विचारपूर्वक नियोजित वाहनतळ होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरा प्रश्न वाट अडवणाऱ्याचे काय करायचे हा होता, आणि त्याचे उत्तर कोंडवाड्याच्या पद्धतीत दिसते. कोंडवाडा, म्हणजे मोकाट किंवा दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरे कोंडून ठेवण्याची सरकारी जागा, ही १८७१ च्या कॅटल ट्रेसपास ॲक्टखाली चालणारी संस्था. या कायद्याने पिकाइतकेच सार्वजनिक रस्त्याचेही संरक्षण केले. जनावर कोंडल्यावर मालकाने दंड आणि चाऱ्या-पाण्याचा खर्च भरून ते सोडवावे. सात दिवसांत कोणी आले नाही तर जाहीर नोटीस लावावी, बाजारात दवंडी पिटवावी, आणि त्यानंतरही सात दिवस मालक न आल्यास लिलाव करावा, अशी ही रीत होती. आज वाहतूक पोलीस गाडी उचलून नेतात तेव्हा मालकाकडून दंडाबरोबर उचलण्याचा खर्च वेगळा घेतला जातो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पण दंड वेगळा व सांभाळण्याचा खर्च वेगळा हा भेद जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोंडवाड्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता.

जिल्ह्याचे मुख्यालय बुलढाणा हे या साऱ्या गर्दीपासून दूर होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले हे ठाणे हवेच्या गुणामुळे इंग्रज अधिकाऱ्यांनी निवडले. रेल्वे तेथे गेली नाही, आणि मलकापूर स्थानकावर उतरून घाट चढूनच तेथे पोहोचावे लागे. नगरपालिका १८९३ मध्ये आली. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांना मोठे आवार, आवारात घोड्यांचा तबेला आणि गाडीसाठी छपरी असे, त्यामुळे वाहन रस्त्यावर राहण्याचा प्रसंग तेथे सहसा येत नसे. जुन्या गावठाणात स्थिती निराळी होती. तेथे घराची भिंत रस्त्यालाच भिडलेली, पुढे ओटा आणि ओट्यापुढे गाडी. घरापुढची जागा आपलीच, ही भावना या रचनेतून दृढ झाली. कायद्याच्या दृष्टीने मात्र ओट्याच्या पायरीपुढची जमीन ही नगरपालिकेची, म्हणजे सर्वांची, होती आणि आहे. निवासी भागातील आजचे बहुतेक तंटे या दोन समजुतींच्या टकरीतून उद्भवतात.

मोटारीचा कायदा देशात १९१४ मध्ये आला, पण थांबण्याच्या जागांची स्पष्ट तरतूद १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात दिसते. त्याखाली मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४० मध्ये स्वतःचे नियम केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे एसटीचे जाळे जिल्हाभर पसरले. आज बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, शेगाव आणि जळगाव जामोद येथे महामंडळाचे आगार आहेत. टांग्यांचे अड्डे बसस्थानकाच्या दाराशी आले, मग त्यांची जागा ऑटोरिक्षांनी घेतली, आणि बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खासगी प्रवासी वाहने उभी करू नयेत हा नियम गावोगावच्या फलकांवर झळकू लागला. ग्रामीण भागासाठी १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गाडीतळ व टांगातळावर फी घेण्याचा अधिकार पंचायतीला दिला. ही तरतूद लहान दिसली तरी महत्त्वाची आहे, कारण फी घ्यायची तर आधी तळ करावा लागतो.

सध्या लागू असलेला मोटार वाहन अधिनियम १९८८ चा आहे. त्याचे कलम ११७ राज्य शासनाला किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, वाहने कोठे उभी राहतील हे ठरवण्याचा अधिकार देते. कलम १२२ धोकादायक स्थितीत वाहन सोडण्यास मनाई करते. आणि कलम १२७ सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा अधिक काळ बेवारस राहिलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन हलवण्याची मुभा देते. १९८९ च्या रस्ता नियमावलीत आणि तिची जागा घेणाऱ्या २०१७ च्या वाहनचालन नियमावलीत फलक नसतानाही जेथे वाहन उभे करता येत नाही अशी ठिकाणे सांगितली आहेत : पदपथ, चौक व वळणाजवळची जागा, पादचारी पट्टा, बसथांबा, शाळा वा रुग्णालयाचे प्रवेशद्वार, दुसऱ्याच्या आवाराचे फाटक, आणि आधीच उभ्या असलेल्या वाहनाच्या शेजारची दुसरी रांग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण उल्लंघनाचा दंड पहिल्या वेळी पाचशे आणि पुढे पंधराशे रुपये आहे. राज्यातील अनेक शहरांत दिसणारे पी-१ आणि पी-२ हे फलक सम व विषम तारखांची वाटणी दाखवतात. एका तारखेला रस्त्याच्या एका बाजूस व दुसऱ्या तारखेला समोरच्या बाजूस वाहने लावायची, जेणेकरून दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना व रहिवाशांना त्रास आणि सोय सारखीच वाट्याला येते. नियम म्हणून ही व्यवस्था अत्यंत न्याय्य आहे.

घराच्या बाजूने पाहता सर्वांत मोठा बदल २ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने घडवला. बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळून राज्यभर लागू असलेल्या या नियमावलीनुसार इमारतीचा नकाशा मंजूर करतानाच सदनिकांच्या क्षेत्रफळाप्रमाणे मोटारी व दुचाकींची जागा दाखवावी लागते. मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर आणि दुचाकीसाठी एक मीटर बाय दोन मीटर असे माप धरले जाते. ही जागा विकण्याजोगी वस्तू आहे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद प्रकरणात निकाली काढला : इमारतीखालच्या खांबांमधील जागा स्वतंत्र सदनिका नव्हे, ती सर्व सदनिकाधारकांच्या सामाईक सोयींत मोडते आणि विकासकाला ती वेगळी विकता येत नाही. जपानने १९६२ च्या कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले असून तेथे घराजवळ वाहन ठेवण्याची जागा असल्याचा दाखला दिल्याखेरीज सर्वसाधारणपणे मोटारीची नोंदणी होत नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात अशा नियमाची अडचण गावठाणात आहे, कारण तेथील जुन्या घरांना २०२० चा नियम मागे जाऊन लागू होत नाही आणि घराघरांत आलेल्या दुचाकीला ओट्यापुढच्या सार्वजनिक रस्त्याखेरीज जागा नाही. अशा ठिकाणी केवळ दंड करणे म्हणजे जागा न देता मनाई करणे होय, आणि ते न्यायाला धरून नाही.

शेगावात हा प्रश्न वेगळ्या अंगाने पुढे आला. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी तेथे प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी या दिवशी लाखो भाविक तेथे येतात. रेल्वेने येणारा भाविक स्थानकावरून पायी किंवा गजानन महाराज संस्थानच्या मोफत बसने मंदिरात जातो, पण मोटारीने येणाऱ्यांची संख्या वाढली तशी मंदिराभोवतीच्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांवर भार पडला. शेगाव विकास आराखड्यात रस्ते रुंद करणे व वाहनतळ उभारणे यांना स्थान मिळाले आणि त्याच्या अंमलबजावणीवर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष ठेवले. गर्दीच्या दिवशी वाहने गावाबाहेरच्या तळावर थांबवून माणसांनी पायी आत जावे, ही तेथील रीत खामगावच्या बाजार आवारामागच्या विचारापेक्षा निराळी नाही.

इतर नगरपरिषदांपुढे अडचण जमिनीची आहे. शहराच्या विकास आराखड्यात वाहनतळासाठी भूखंड आरक्षित केला जातो, परंतु महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्या नोटिशीपासून चोवीस महिन्यांत नगरपरिषदेने संपादनाचे पाऊल उचलले नाही, तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. लहान नगरपरिषदेचे उत्पन्न पाहता रोख मोबदला देणे तिला क्वचितच झेपते. जमिनीच्या बदल्यात विकास हक्क देण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण ज्या शहरात उंच इमारतींना मागणी कमी आहे तेथे त्या हक्काला भाव येत नाही. १८९७ च्या कायद्याखालील बाजाराला आपल्या आवाराचा खर्च तेथील फीमधून भागवता येत होता. आजच्या नगरपरिषदेला तळावर घेतलेल्या फीमधून जमिनीची किंमत उभी करता येईल काय, हा हिशेब जिल्ह्यातील प्रत्येक शहराने आपल्या आराखड्याची मुदत संपण्यापूर्वी मांडावा लागेल.